फौजीबाबाची खोळ

१

ताडकळसचा देव चोरीला गेला त्या सकाळी चंद्रभान आपल्या दारातल्या सदाफुलीला तांब्यानं पाणी घालत होता.

आता देव चोरीला जातो म्हणजे काय, तर मुकुट जातो, दानपेटी जाते, फारच झालं तर चांदीचे डोळे जातात. कमरेएवढा काळा पाषाण, जो हलवायला दोन माणसं आणि एक पहार लागावी, तो कुणी मुळासकट उपटून नेला असं गावानं कधी ऐकलं नव्हतं. मे महिना, पेरणीला अवकाश, हाताला काम नाही; त्यामुळं ऊन तापायच्या आत अर्धं ताडकळस पूर्णा रस्त्यावरच्या लिंबाखाली जमलं होतं.

चंद्रभानकडं खबर घेऊन सुकेशनी आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि सहसा कशानं घाबरायची नाही. आज तिनं स्कूटीचं स्टँडसुद्धा धड लावलं नाही.

"काका, फौजीबाबा न्हाई जागेवर. आन् आजी तिथं रस्त्याच्या कडंला जाऊन बसलीय, उठायलीच न्हाई. तुमी चला."

चंद्रभान पंधरा वर्षं फौजेत होता आणि पुढची अठरा वर्षं पुण्याकडच्या एका लष्करी स्मशानभूमीत माळी. गावात कुणाची म्हैस हरवली, कुणाचा कागद गायब झाला, तर लोक आधी चंद्रभानकडं येत आणि मग पोलिसांकडं जात, कारण चंद्रभान एका चहाच्या वर काही मागत नसे. तो निमूट स्कूटीवर मागं बसला.

हा फौजीबाबा काही देव म्हणून जन्मला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ताडकळस आणि आजूबाजूच्या वाड्यांतून काही गडी फौजेत गेले. त्यातला बन्सीधर हवालदार तेवढा ब्रह्मदेशातून परत आला, तोही एक हात तिकडंच ठेवून. त्यानं माघारी न आलेल्या सोबत्यांच्या नावांचा एक दगड घडवून घेतला आणि लिंबाखाली उभा केला. पुढं बन्सीधर वारला. मग कुणाची तरी आटलेली म्हैस त्या दगडापुढं नारळ फोडल्यावर पुन्हा दूध द्यायला लागली म्हणे, आणि तिच्या मालकानं दगडाला शेंदूर फासला. झालं. साठ वर्षं दर शनिवारी तेल-शेंदूर चढत गेला. दगड फुगत गेला, अक्षरं आत बुडाली, आणि ज्यांनी ती वाचली होती ती माणसंही एकेक करून गेली.

सुकेशनीची आजी लक्ष्मीबाई आता ब्याऐंशीची. तिचा बाप सटवा लिंबाजी ती पाळण्यात असताना लढाईवर गेला. ना तार आली, ना पेन्शन. गावानं परस्पर ठरवून टाकलं की सटवा पळाला आणि तिकडंच दुसरी करून राहिला. तेव्हापासून लक्ष्मीबाई म्हणजे 'पळपुट्याची पोर'. लग्नात, भांडणात, पाणवठ्यावर, सगळीकडं तेच. बन्सीधर तिच्या आईला सांगून गेला होता, "वहिनी, सटवाचं नाव दगडावर हाय." पण आईला वाचता येत नव्हतं, आणि लक्ष्मीबाई वाचायला शिकली तोवर दगडाचा देव झाला होता. यांची वस्ती छप्पन साली बौद्ध झालेली, त्यांना देवाकडं जायचं कारण उरलं नव्हतं. आणि गेलं असतं तरी गावानं शिवू दिलं नसतं.

शेंदूर खरवडणं हे पाप. मात्र जुन्या देवाच्या अंगावरची शेंदराची जाड खोळ कधी ना कधी आपण होऊन सुटते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लक्ष्मीबाई त्या एका दिवसाची वाट बघत म्हातारी झाली. काल दुपारच्या उन्हात खोळ सुटली, आणि आज दगडच नाही.

ती रस्त्याच्या कडेला धुळीत बसली होती. जन्मभर ज्या अंतरावरून तिनं हा देव बघितला होता, बरोबर त्याच अंतरावर.

"मावशी, सावलीत तरी बसा," चंद्रभान म्हणाला.

"माझ्या बापाला एकदा लढाईनं नेलं. आता कोनं नेलं रं, चंद्रभान?" तिनं त्याच्याकडं न बघताच विचारलं. "सोमवारी तो ठेकेदार अप्पाराव ओट्यावर पांढऱ्या फरशीची कोनशिला बसवायलाय. तिच्यावर एकदा नावं कोरली की मागून माझ्या बापाला कोन घुसू देतंय?"

सोमवारला तीन दिवस होते.

"संध्याकाळपतूर सांगतो, मावशी."

"सांगू नको," लक्ष्मीबाई म्हणाली. "सांगनारे लय झाले. दाखव."

२

लिंबाखालचा ओटा रिकामा होता. मधोमध चौकोनी खाच, तिच्या कडेला शेंदराचे चार कपचे. चंद्रभाननं खिशातून टेप काढला. सव्वा फूट रुंद, तीन इंच जाड. त्यानं दोनदा मोजलं आणि टेप गुंडाळताना त्याचा हात जरा थांबला.

देवाची सगळी उस्तवार आश्रुबा करायचा. साठीचा, वाळका, अक्षरशत्रू माणूस. त्याची आई करायची, म्हणून तोही करायचा. शनिवारच्या नारळांवर आणि पसाभर धान्यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं, पार्वतीबाईचं, भागत होतं.

"काल तीनच्या सुमाराला धप्प आवाज झाला," आश्रुबा जमिनीकडं बघत सांगू लागला. "खोळ गळाली. अशी, दोन मोठे तुकडे. मी डोळेच मिटले बगा. उघडा देव बघू न्हाई. वरून पोतं टाकलं आन् अप्पारावला सांगून आलो."

"मग?"

"दिवेलागनीला आले ते. मला म्हनले, जा, धुपाटणं घेऊन ये घरून. मी येईस्तोवर ते निघाले होते. म्हनले, उद्या दगड परभणीला नेऊ, पॉलिश मारून आनू."

"आन् खोळ?"

"घरी हाय, टोपल्यात. अमावस्येला गोदावरीत सोडायची असती."

त्यानं चहाचा कप डाव्या हातानं उचलला. उजव्या तळव्याला हळद चोपडलेली होती. चंद्रभाननं ते पाहिलं आणि आपला चहा फुंकत राहिला.

एवढ्यात आश्रुबाचा मुलगा बालाजी दोन म्हशी घेऊन आला. लिंबापासून वीसेक पावलांवर, उताराला, जनावरांसाठी सिमेंटचा खोल हौद होता. संध्याकाळी जनावरं पिऊन गेली की बोअर चालू करून तो काठोकाठ भरून ठेवायची गावाची रीत. म्हशींनी हौदाला तोंड लावलं, फुरफुरल्या आणि मागं फिरल्या. बालाजीनं एकीच्या पाठीत थाप मारली. ती हलली नाही.

"रोज तं हिला ओढून काढावं लागतंय," तो वैतागला.

बालाजी अप्पारावच्या रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायचा. जेसीबीच्या चाकांचे ताजे वण थेट ओट्यापर्यंत आले होते आणि लोक मघापासून त्यांच्याकडं आणि बालाजीकडं आळीपाळीनं बघत होते.

"बगा ना, बगा," बालाजी म्हणाला. "व्हय, मी आलो व्हतो पहाटं. मालकानं सांगितलं व्हतं दगड उचलायला. आलो तं ओटा रिकामा. मी रिकामा आलो, रिकामा गेलो. बापाला इचारा."

बापानं मान वर केली नाही. चंद्रभानच्या लक्षात आलं की या बापलेकांनी एवढ्या वेळात एकमेकांकडं एकदाही बघितलेलं नाही.

मग पांढऱ्या गाडीतून स्वतः अप्पाराव उतरले. माजी सरपंच, रस्त्याचे ठेकेदार, गावच्या कमानीवर ज्यांचं नाव आहे त्या हुतात्मा रंगनाथरावांचे नातू. माणूस वाईट नव्हता, पण आजोबाचा विषय निघाला की त्यांची छाती आपोआप पुढं यायची. त्यांनी चंद्रभानच्या हातात सोमवारच्या कार्यक्रमाचं कार्ड दिलं. छापून आठ दिवस झाले होते. गावात बहुतेक घरी पोचलंही होतं. चंद्रभाननं चष्मा लावून वाचलं: 'फौजीबाबा शिळेवर अग्रस्थानी ज्यांचे नाव कोरले आहे, ते हुतात्मा रंगनाथराव व अन्य वीर यांच्या स्मृत्यर्थ...'

"कार्यक्रम तर होणारच," अप्पाराव म्हणाले. "दगड सापडो न सापडो."

"व्हय की. पन सापडला तं बरं."

"सापडायलाच पाहिजे. पिढीजात मानाची गोष्ट आहे, चंद्रभान. काही साधा दगड नाही तो. चार नावं आहेत त्याच्यावर, तिसरं आमच्या आजोबांचं. भंगारवाल्यांनी नेला असेल, तुम्ही पूर्णेला चौकशी करा."

चंद्रभाननं कार्डाची नीट घडी घातली आणि ते टेपच्या शेजारी खिशात ठेवलं.

३

दुपारी सुकेशनी डबा घेऊन आली तेव्हा तो लिंबाच्या बुडाशी टेकून बसला होता.

"पूर्णेला न्हाई गेलात?"

"कामून जाऊ? म्हशी तं हितल्या हौदाचं पानी पीत न्हाईत."

सुकेशनीला यातलं काही कळलं नाही. तिनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली.

"तुला ठाऊक हाय का, पोरी," चंद्रभान भाकरी मोडत म्हणाला, "ह्या ओट्याच्या खाचंचं माप मला तोंडपाठ हाय. सव्वा फूट, तीन इंच. अठरा वर्षं मी असल्याच दगडांभवती गवत कापलं. बन्सीधर पेन्शनच्या कामाला पुण्याला जायचा, तवा बघून आला असंल. त्यानं मापच आनलं तिथून."

"सगळे दगड एकाच मापाचे असतात तिथं?"

"सगळे. मेजर असो, सैपाक करनारा भटारी असो. पहिल्या महायुद्धानंतर विलायतेत मोठ्या घरच्या लोकांनी लय आरडाओरडा केला. म्हनले, आमच्या पोराची समाधी मोठी बांधू द्या, त्याला घरी आनू द्या. सरकार म्हनलं, न्हाई. सोबत मेले, सोबत ऱ्हातील. एक माप, एक दगड. आपल्या हिंदू पोरांना तं जाळत, त्यांची समाधी कुठली? त्यांची नावं भिंतीवर. ज्याचं मढंच गावलं न्हाई त्याचं बी नाव भिंतीवर. फकस्त नाव. म्हनून तिथं नावाला लय जपतात. दगडाच्या पायाशी बुटकी फुलझाडं लावायची, कामून? तं पावसात चिखल उडून नावावर बसू न्हाई."

"आणि वर कुणाचं, खाली कुणाचं?"

"मानाचं पान नसतं तिथं. वरचा काय आन् खालचा काय, सारखेच मेलेले."

बोलता बोलता त्याचं लक्ष पुन्हा उताराकडं गेलं. हौदाच्या लिंबाकडच्या बाजूला काळी माती अजून ओलसर होती. बाकीच्या तिन्ही बाजूंना फुफाटा.

"सुकेशनी, काल लाईट किती वाजता गेली?"

"सातला. आज नऊला आली."

"म्हंजी हौद भरला सातच्या आधी. भरनारानं काठोकाठ भरून नळ बंद केला. मग मागाहून एका बाजूनं पानी सांडलं कसं? बोअर बंद, पाऊस न्हाई."

सुकेशनी शिक्षिका होती. तिचा घास हातातच राहिला. "भरलेल्या भांड्यात काही टाकलं तर..."

"तं तेवढंच पानी बाहेर येतंय. आन् टाकलेल्या वस्तूला साठ वर्षांचं तेल लागलेलं असलं, तं म्हशी त्या पान्याला तोंड लावीत न्हाईत."

तो उठला, हौदाशी गेला आणि शेवाळाखाली खांद्यापर्यंत हात घातला. वर आला तेव्हा बोटांना लालसर तेलकट लेप होता.

अर्ध्या तासात सगळं गाव पुन्हा गोळा झालं. बालाजीनं जेसीबी आणला. दगडाला पट्टा बांधून त्यानं तो इतक्या हळू उचलला की पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. काळ्या दगडाचा माथा किंचित गोलावलेला, अंग सपाट, आणि त्याच्यावर बन्सीधरनं कोरून घेतलेली स्वच्छ अक्षरं. लोक बघतच राहिले. सुकेशनीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"ब्रह्मदेशी राहिलेले सोबती. नारायण विठोबा. चांदखाँ उस्मान."

आणि ती थांबली.

तिसरी ओळ नव्हतीच. तिथं छिन्नीचे ताजे, पांढरट घाव होते. त्याखाली चौथं नाव मारोती गणपत, तेवढं शाबूत.

"बघा," गर्दीतून अप्पाराव म्हणाले. "मी सकाळीच सांगितलं होतं. तिसरं. आमच्या आजोबांचंच नाव कुणी तरी खोडलं."

रस्त्याच्या कडेला लक्ष्मीबाई उभी राहिली होती. ती एकटक नातीच्या तोंडाकडं बघत होती, आणि नातीला पुढं काही वाचता येत नव्हतं.

४

"आश्रुबा," चंद्रभान शांतपणे म्हणाला, "हात दाखवा."

आश्रुबानं हात पुढं केला. हळदीखाली पहारीचे फोड होते.

"मीच टाकला," तो म्हणाला. "मी आन् बालाजीच्या मायनं. लाकडाच्या ओंडक्यावरून लोटत नेला. देवाची घडण नवी करायची तवा त्याला पान्यात ठेवत्यात, आमची माय सांगायची. सात दिस ठेवला असता, वर नवा शेंदूर चढवला असता आन् परत हुबा केला असता."

"पन कामून?"

"पोतं उचलून बघितलं मी. अप्पाराव गेल्यावर. बघू न्हाई ते बघितलं." त्याला रडू आवरेना. "देवाला छिन्नी लावली व्हती हो. खाली पांढरा भुगा पडला व्हता. मला वाचता येत न्हाई, पन घाव कळतंय ना. सकाळी जेसीबी आला असता तं राहिलेला बी फोडला असता. सांगू कुनाला? माझं लेकरू त्यांच्याच मशीनवर हाय."

बालाजीनं आता पहिल्यांदा बापाकडं बघितलं. पहाटेपासून त्याला वाटत होतं की बापानं देव विकला.

अप्पारावांचा चेहरा लाल झाला. "हा माणूस स्वतः चोर, आणि नाव माझं घेतोय? मी पोत्याला हातही लावला नाही."

"नसंल लावला," चंद्रभान म्हणाला. त्यानं खिशातून कार्ड काढलं. "अप्पाराव, ह्या दगडाची अक्षरं आज जित्या असलेल्या मानसानं बघितलेली न्हाईत. नावं किती, ते बी कुनाला ठाऊक न्हाई. तुमचं कार्ड आठ दिवसांखाली छापलं. त्याच्यात तुमचे आजोबा अग्रस्थानी. तुमी जन्मभर हेच सांगत आलात, सगळ्यात वर, सगळ्यात वर. आन् आज सकाळी, दगड पान्यात असताना, तुमी मला म्हनलात, चार नावं, तिसरं आजोबांचं. एका रातीत तुमचे आजोबा दोन पायऱ्या खाली कामून उतरले?"

कुणी तरी हसलं.

अप्पारावांनी तोंडावरून रुमाल फिरवला. ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बरं. बघितला मी दगड. काल संध्याकाळी. तिसरं नाव होतं रंगनाथ. नंतर कुणी खोडलं ते या आश्रुबाला विचारा. माझ्या आजोबाचं नव्हतं म्हणता, तर मग त्या सटवाचं होतं हे कशावरून? आता दगडच मुका झालाय. आहे काही सबूत?"

हा प्रश्न मात्र खरा होता. दगडावरची ओळ गेली होती, आणि गेलेली ओळ जगातली कुठलीही छिन्नी परत आणू शकत नव्हती. गाव चंद्रभानकडं बघू लागलं. चंद्रभान पार्वतीबाईकडं वळला.

"वहिनी, घरी कणीक हाय का मळलेली?"

"हाय की. सांजच्याला पोळ्या करायच्यात." ती गोंधळली.

"तेवढी आना. आन् खोळीचं टोपलं आना."

पार्वतीबाई पदर खोचून गेली. टोपलं तिनं डोक्यावरून आणलं, जसा देव आणावा तसंच, आणि ओट्यावर ठेवलं. आत केशरी शेंदराचे दोन मोठे तुकडे होते, हातभर लांब आणि चार बोटं जाड. साठ वर्षांत वरून हजारो हात लागलेले, म्हणून वरची बाजू गुळगुळीत. चंद्रभाननं त्यातला खालचा तुकडा उचलून अलगद पालथा केला.

"पहिला शेंदूर ओला व्हता," तो म्हणाला. "तो अक्षरांच्या खाचंत जाऊन बसला. वर सगळी खोळ चढली. काल ती सुटली ती अक्षरं घेऊनच सुटली. छिन्नी दगडाला लागली, अप्पाराव. हिला लागली न्हाई."

आतल्या बाजूला ओळी उठून आल्या होत्या, पण उलट्या, वाचता न येणाऱ्या. पार्वतीबाईला आता काय करायचं ते कुणी सांगावं लागलं नाही. तिनं कणकेला तेलाचा हात लावला, पोळीसारखी थापली, खोळीवर ठेवून तळव्यानं दाबली आणि कडेनं सोडवत उचलली. तशीच ती पोळी घेऊन ती ओटा उतरली आणि सुकेशनीकडं न जाता सरळ रस्त्याच्या कडेला लक्ष्मीबाईपाशी गेली.

"वाचा, मावशी," ती म्हणाली. "तुमाला येतंय ना वाचता."

लक्ष्मीबाईनं कणकेवरून बोट फिरवलं. वरची ओळ चांदखाँची होती, तिथं तिचं बोट थांबलं नाही. पुढच्या ओळीवर आलं.

"स... ट... वा," तिनं वाचलं. "सटवा लिंबाजी. आन् हे आकडे हायत, मोठाच्या मोठा नंबर."

"फौजेतला नंबर हाय तो," चंद्रभान म्हणाला. "नावाची मानसं छप्पन्न असत्यात, मावशी. नंबर एकाचाच असतो. ह्या नंबरावरनं सगळं निघंल."

लक्ष्मीबाई रडली नाही. तिनं कणीक दोन्ही हातांवर धरली आणि जमलेल्या गावाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाखवली. शेवटी ती अप्पारावांच्या समोर आली आणि त्यांनाही दाखवली.

५

अप्पाराव गाडीत जाऊन बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते ओट्याच्या पायरीवरच बसले.

"आजोबाचा काहीच पत्ता नाही," ते बोलले. "गेला एवढंच खरं. आजी सांगायची, नाव दगडावर आहे, सगळ्यात वर आहे. बापानं तेच ऐकून कमान बांधली. काल पोतं उचललं आणि चारही नावं दोनदोनदा वाचली. नव्हतंच." त्यांनी रुमालाची गुंडाळी केली. "मग वाटलं, पळाला असेल का तो? लोक काय म्हणतील? जे नाव खोडलं तर कुणी विचारणार नाही, ते खोडलं."

शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच ते ऐकायला वाईट होतं. पोरं पुढं सरसावली. बालाजीनं जेसीबीची किल्ली मालकापुढं पायरीवर ठेवून दिली. सुकेशनी पोलिसांचा नंबर लावायला लागली, तेवढ्यात लक्ष्मीबाईनं तिचा हात धरला.

"थांब. मला बोलू दे," ती म्हणाली आणि अप्पारावांकडं वळली. "ब्याऐंशी वर्सं मी पळपुट्याची पोर म्हनून जगले. तू एक रात काढलीस त्या भ्यानं, तं तुझ्या हातून असलं पाप झालं. मी कशी काढली असंल, बग." तिनं दम घेतला. "तुझा राग हाय मला. लय हाय. तो मी मरंस्तोवर सोडनार न्हाई. पन तुझ्या आज्यानं माझं काय केलं न्हाई. माझ्या बापासारखाच गेला, गावलाच न्हाई. चंद्रभान, त्याचं बी नाव लिहून घे. दोघांना बी हुडक."

अप्पारावांना तिच्याकडं बघवलं नाही. त्यांनी नुसतेच हात जोडले.

सोमवारचा कार्यक्रम झाला नाही. झालं ते असं: फरशीची कोनशिला अप्पारावांनी स्वतः उचलून नेली आणि बालाजीची किल्ली त्याच्या घरी जाऊन परत दिली. ताडकळसच्या पाथरवटानं तिसऱ्या ओळीच्या घावाखाली, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरांत सटवाचं नाव आणि नंबर पुन्हा कोरला. तो घाव घासून सपाट करू का म्हणाला, तर लक्ष्मीबाई म्हणाली, राहू दे, लेकरांनी विचारलं तर सांगता येईल. पुन्हा शेंदूर लावायचा की नाही, यावर गावात पंधरा दिवस वाद झाला. तो आश्रुबानं मिटवला. तो म्हणाला, "साठ वर्सं आमी त्यांच्या तोंडावर शेंदूर थापला. त्यांना श्वास घेऊ द्या आता. नारळ फोडा, पानी घाला, पन तोंड झाकू नका." शनिवारचे नारळ काही कमी झाले नाहीत, थोडे वाढलेच म्हणा ना.

चंद्रभाननं लष्करी स्मशानभूमीच्या कचेरीला एकाच पत्रात दोन नावं लिहून पाठवली. पावसाळा सरता सरता उत्तर आलं. नंबर जुळला होता. ब्रह्मदेशातल्या एका लष्करी स्मारकावर, ज्यांचा देह मिळाला नाही अशा हजारो नावांत, सिपाही सटवा लिंबाजी होता. गावात तो पळपुटा होता त्या सगळ्या वर्षांत तिकडं कुणी तरी त्याच्या नावावरची धूळ पुसत होतं. सोबत त्याचं नाव कोरलेल्या खांबाचा फोटो होता. रंगनाथरावांबद्दल लिहिलं होतं की नंबर नसल्यानं वेळ लागेल, शोध चालू आहे. अप्पाराव दर आठवड्याला चंद्रभानकडं विचारायला येतात. येताना आता त्यांची छाती पुढं नसते, आणि गाडी ते कोपऱ्यावरच लावतात.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दगडाच्या पायाशी चंद्रभाननं लावलेली सदाफुली फुलली होती, नावांवर चिखलाचा एक थेंब नव्हता. बायका ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. लक्ष्मीबाई नातीचा हात धरून आली आणि सवयीनं रस्त्याच्या कडेलाच थांबली.

आश्रुबानं ओट्यावरून तिला पाहिलं. त्यानं हातातला नारळ खाली ठेवला.

"सरका गं, वाट द्या," तो रांगेला म्हणाला. "फौज्याची पोर आली."

रांग बाजूला झाली. लक्ष्मीबाई ओटा चढली, तांब्यातलं पाणी दगडावर घातलं आणि पदरानं तो पुसला. मग वरच्या ओळीवर बोट ठेवून तिनं पहिल्या नावापासून वाचायला सुरुवात केली. बापापर्यंत पोचायची तिला काही घाई नव्हती.